परवाना वारसाला, हात कुणाला?

शस्त्र नियम, 2016 यांतला 25 वा नियम वारसाबद्दलचा आहे. परवानाधारकाने वयाची 70 वर्षं गाठली, किंवा बंदूक त्याच्याकडे येऊन 25 वर्षं झाली, यांतलं जे आधी घडेल त्यानंतर त्याला आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावे परवाना मागता येतो. नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेड, भोकर, अर्धापूर या पट्ट्यात ज्या थोड्या आखाड्यांवर पीक राखणीची ठासणीची बंदूक अजून टिकून आहे, तिथे हा नियम आता रोजच्या बोलण्यात येतो, कारण ती बंदूक खांद्याला लावणारे हात त्याच वयाला आले आहेत. मुलगा अर्ज करतो, ठाण्याचा अहवाल जातो, डॉक्टरांचा दाखला जोडला जातो आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून नव्या नावाचा परवाना येतो. बापाला जे येत होतं ते पोराला येतं का, हे मात्र या सगळ्यात कुणी विचारत नाही. माझं सगळं म्हणणं या न विचारलेल्या प्रश्नाभोवती आहे. ठासणीच्या बंदुकीचं मोल तिच्या नळीत आणि दस्त्यात फार थोडं असतं. ते असतं चालवणाऱ्याच्या सबुरीत, त्याच्या अदमासात आणि हाताच्या सवयीत. हे गुण पिकायला उभा जन्म जातो, आणि ते पिकतात त्याच सुमाराला डोळा आणि मनगट साथ सोडू लागतात. नजर मंदावलेली पण समज पुरी असलेली ही जी दहा-पंधरा वर्षं असतात, ती आपण फुकट घालवतो आहोत.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू भरण्याची रीत एकच असली तरी ती पेटवण्याच्या तऱ्हा तीन. तोड्याच्या बंदुकीत जळती जामगी, म्हणजे वात, रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, टेकवायची. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात आवळलेली गार पोलादी पात्यावर आपटते, ठिणग्या खालच्या पेल्यातल्या रंजकावर पडतात आणि आग कानातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, नळीत शिरते. टोपीच्या बंदुकीत घोडा सरळ तांब्याच्या टोपीवर बसतो. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची जी शस्त्रं जतन केली आहेत, त्यांत तोड्याची बंदूक आहे. चकमक मराठवाड्याने पाहिली ती रणात. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळाच्या आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या हातात चकमकीच्याच बंदुका होत्या. शिंद्यांच्या चाकरीत असताना युरोपीय सेनानी द बॉइन्यने आग्र्याला अशा बंदुकांचा कारखानाही उभा केला होता. गावच्या शिकाऱ्याने आणि राखणदाराने मात्र चकमक फारशी उचलली नाही. तो तोड्यावर राहिला आणि टोपी हाताशी येऊ लागली तसा तोड्यावरून थेट टोपीवर आला. याचं कारण लोखंडाच्या तुटवड्यात शोधू नये. इथून फार लांब नसलेल्या निजामाबादच्या कोनासमुद्रमचं पोलाद घ्यायला इराणी व्यापारी येत असत. अडचण कमानीची होती. चकमकीच्या चापातली कमान जास्त कडक झाली तर तडकते, मऊ राहिली तर ठिणगी पडत नाही, आणि ते पाणी देणं हे नुसत्या भात्याचं आणि ऐरणीचं काम नव्हे. तोड्याला तसली कमान लागतच नाही. गावाने स्वतःच्या लोहाराला दुरुस्त करता येईल अशी बंदूक निवडली, आणि ही निवड शहाणपणाची होती असं मी मानतो. हत्यार बिघडल्यावर ते गावातच नीट होणं राखणदाराच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

ती सोय मात्र गेली. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार बंदूक बनवायलाच नव्हे, तर दुरुस्त करायलाही परवाना लागतो. कायदा असावाच, उघड्यावर बंदुका घडू लागल्या तर त्या आधी कुणाच्या हातात जातील हे सांगायला नको. पण त्याचा दुसरा परिणामही मान्य केला पाहिजे. शिकलगार समाज, ज्याचा पिढीजात धंदाच शस्त्रं घडवण्याचा आणि त्यांना धार-झिलई करण्याचा, त्याला या कलेचा उजळ माथ्याने वापर करायला जागा उरली नाही. नांदेडमध्ये या समाजाची घरं आहेत. ज्या बोटांना पोलादाचा रंग बघून त्याची कडकी कळत होती, ती बोटं पिंप, कढया आणि कुलपं दुरुस्त करण्यात गुंतली. मग परवान्याची ठासणीची बंदूक बिघडली की कास्तकारापुढे दोनच वाटा उरतात: ती शहरातल्या परवानाधारक दुकानात न्यायची, जिथे काडतुसाच्या बंदुकीची सवय असलेला कारागीर तिच्याकडे नाखुशीनेच बघतो, नाहीतर ती तशीच वापरायची. दुसरी वाट धोक्याची. चापाची खाच झिजली की चढवलेला घोडा जरा हिसका बसताच सुटतो. कान रुंदावला की आग मागे फिरते. हे दोष जुन्या माणसाला घोडा चढवतानाच्या आवाजावरून आणि बोटाला लागणाऱ्या ताणावरून समजतात. ज्याने ती बंदूक वर्षानुवर्षं स्वतः उघडून पुसली नाही त्याला ते समजणार नाहीत, मग परवान्यावर नाव कुणाचंही असो.

भरण्याची क्रिया जवळून पाहिली तर वयाचा प्रश्न नेमका कुठे येतो हे ध्यानात येतं. आधी नळी मोकळी आहे याची खात्री. मग मापाने दारू; डब्यातून सरळ कधीच ओतायची नाही, कारण नळीत एखादं धुमसतं चिंधूक राहिलं असेल तर आग अख्ख्या डब्याला भिडते. वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, छर्रे, पुन्हा हलका बोळा, आणि टोपी अगदी शेवटी, तीही जनावर नक्की दिसल्यावर. यातली सगळ्यात मोलाची चीज म्हणजे गजावरची खूण. रिकाम्या नळीत गज टाकला की तो नळीच्या तोंडाशी कुठवर येतो तिथे एक खाच कोरलेली असते. ती खाच नळीच्या तोंडापेक्षा वर राहिली तर बंदूक भरलेली आहे. दोनदा भरलेली नळी फुटते आणि ती फुटते गालाजवळ. रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, थंडीत, झोपमोड झालेल्या माणसाला आपण बार भरला की नाही हे आठवत नाही. साठी ओलांडलेल्याला तर हमखास आठवत नाही. ज्याला आपल्या आठवणीचा भरवसा वाटतो तो गज टाकून बघत नाही. ज्याला आपलं विसरणं ठाऊक झालं आहे तो दर वेळी बघतो. म्हणून या एका बाबतीत तरुण राखणदारापेक्षा म्हातारा जास्त सुरक्षित असतो असं माझं स्पष्ट मत आहे, अट एवढीच की ही सवय त्याला तिशीतच लागलेली असावी. सत्तरीत नवी सवय लागत नाही.

डोळ्याचं तसं नाही. तिथे सवयीने भागत नाही. चाळिशी लागली की नळीच्या टोकाची माशी धूसर होते; चष्मा लावून माशी स्पष्ट केली तर जनावर धूसर होतं. मोतीबिंदू धरू लागला की विजेरीच्या उजेडाभोवती कडं दिसतं आणि त्या कड्यात रोही आणि पाडस, डुक्कर आणि चरायला सुटलेलं वासरू यांच्या कडा एकमेकींत मिसळतात. मनगटाला कंप येतो. चकमकीच्या बंदुकीत ही परीक्षा आणखी कडक असते, कारण चाप ओढल्यापासून बार निघेपर्यंत क्षणाचा एक अंश जातो, त्यात डोळ्यांसमोर रंजकाचा भपका उडतो, आणि तेवढा वेळ नळी हलू द्यायची नसते. म्हणजे म्हाताऱ्याने नेम धरू नये, हा आक्षेप मला मान्य आहे आणि अर्धवट नव्हे, पुरता मान्य आहे. ज्या दिवशी धुऱ्यावरचं जनावर नेमकं कोणतं हे उघड्या डोळ्यांना सांगता येत नाही, त्या दिवशी छर्रे भरणं थांबलं पाहिजे. पण म्हणून त्याचा राखणीशी संबंध संपला असा अर्थ काढणं चूक. राखणीतलं नव्वद टक्के काम नेमाचं नसतंच. वारा कुठून आहे, डुकरं कोणत्या ओघळीने वर येणार, आज सोयाबीनमध्ये उतरतील की उसात दडून राहतील, आरोळीने भागेल की नुसता दारूचा बार काढावा लागेल, हे ठरवणं हीच राखण. ते ज्याला कळतं त्याच्यावर छर्रे भरण्याची वेळ क्वचितच येते.

मुदखेडच्या शिवारात हे ठरवणं जास्तच नाजूक आहे. हा तालुका फुलांचा. गुलाब, मोगरा, झेंडू बाजाराच्या वेळेत पोचायचे तर तोडणी दिवस वर येण्याआधी सुरू होते, आणि तोडणीला बहुतेक बाया असतात. शेजारच्या वावरात डुकरं शिरण्याची आणि फुलांच्या पट्ट्यात बाया वाकलेल्या असण्याची वेळ एकच. मध्ये केळी असेल तर पलीकडचं काहीच दिसत नाही. इथे बंदूक चालवणाऱ्याला जनावर दिसून भागत नाही. जनावराच्या मागे काय आहे हे माहीत असावं लागतं, आणि ते अंधारात डोळ्याने कळत नाही. आज कुणाच्या रानात तोडणी आहे, कुणाचं पाणी रात्रपाळीला आहे, कोणता सालगडी कुठल्या बांधाने जातो, या रोजच्या गावमाहितीने ते कळतं. वीज रात्री येते म्हणून पाणी द्यायला माणसं रात्री हिंडतात, ही गोष्ट राखणीच्या जुन्या काळात नव्हती. हे सगळं ध्यानात ठेवून बार न काढणं हे ठासणीच्या बंदुकीचं खरं कसब आहे. त्या बंदुकीची रचनाही त्याला मदत करते. एकच बार, आणि पुन्हा भरायला वेळ लागणार, हे माहीत असलेला माणूस उगाच चाप ओढत नाही.

याच्या उलट दृश्य पाहायचं तर कुंपणात सोडलेली वीज पाहावी. राखण परवडत नाही, रात्री जागायला माणूस मिळत नाही, म्हणून तारेत थेट लाइनचा प्रवाह सोडणारे आहेत. ते बेकायदा आहे, आणि त्यात डुकराबरोबर माणसंही मरतात. महाराष्ट्रात अशी बातमी आली नाही असं वर्ष जात नाही. तारेला डुक्कर आणि शेजारी यांतला फरक कळत नाही. पिठाच्या गोळ्यात स्फोटक दडवून ठेवणाऱ्यालाही आपला गोळा कोण चावणार हे माहीत नसतं. पाइप आणि कार्बाइडची तोफ निरुपद्रवी म्हणून शेतात आली, पण 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि परिसरात तिने किती मुलांच्या डोळ्यांना इजा केली ते देशाने पाहिलं. या साधनांचा समान दोष असा की वापरणाऱ्याला थांबून विचार करावा लागत नाही. सौरऊर्जेवरचं झटका मशीन मात्र मी या रांगेत बसवणार नाही. ते कायदेशीर आहे, क्षणभराचा धक्का देऊन जनावर मागे फिरवतं, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने तेच आधी घ्यावं. पण गवत वाढून तारेला टेकलं की झटका मरतो, ढगाळ दिवसांत बॅटरी उतरते, आणि रोही तारेवरून उडी मारून आत येतो. मशीन लावलेल्या वावरातही रात्री एक चक्कर मारावीच लागते. ती चक्कर कुणी मारायची आणि काय पाहायचं, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

सगळ्यात गंभीर आक्षेप वन्यजीवांच्या बाजूने येतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. उभ्या पिकाला उपद्रव देणारं जनावर मारायचं तर कलम 11 खाली परवानगी लागते. महाराष्ट्र सरकारने जुलै 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी तिची पद्धत ठरवून दिली. बंदुकीचा परवाना वेगळा आणि मारण्याची परवानगी वेगळी, हे गावात अनेकांना ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक करून देणं हेही जुन्या परवानाधारकाचं काम आहे. याहून अवघड भाग जखमेचा. गुळगुळीत नळीतले छर्रे लांब अंतरावर विखुरतात. डुक्कर पडत नाही, जखमी होऊन निघून जातं. मग ते उसात चार दिवस तळमळत मरतं, किंवा सकाळी गवत कापायला आलेल्या बाईच्या अंगावर येतं. या आक्षेपावर माझ्याकडे एकच प्रामाणिक उत्तर आहे: लांबून मारायचंच नाही. ठासणीच्या बंदुकीची हद्द फार छोटी आहे, आणि ती हद्द सोडून बार काढणारा राखणदार नव्हे. जिथे खरोखर मारणं भाग आहे, तिथे ते वनखात्याच्या परवानगीने आणि त्या कामाच्या माणसाकडून व्हावं. कायद्यानेही ही सोय ठेवली आहे. पीक राखणीला ठासणीची बंदूक पुरी पडत नाही अशी खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची मुभा शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये आहे. माझ्या मते ठासणीची बंदूक यापुढे प्रामुख्याने आवाजाचं साधन म्हणून राहावी. तसं झालं तर म्हाताऱ्याच्या डोळ्याचा आक्षेपही बराच ढिला पडतो, आणि डुकरालाही जीव वाचवून पळायला वाट राहते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात 1974 पासून हरणाच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकीसाठी राखून ठेवला आहे. टोपीची बंदूकसुद्धा चालत नाही. त्या भागात जर्मन स्थलांतरितांनी अठराव्या शतकात पिळाच्या नळीची लांब बंदूक घडवली, आणि ती हाताने घडवण्याची कला तिकडे आजही जिवंत आहे, तीत उतारवयाला लागलेली माणसं मोठ्या संख्येने आहेत. आपण त्यांच्याकडून शिकारीचा हंगाम घेऊ नये. तिथल्या जंगलांचा आणि हरणांच्या संख्येचा हिशेब वेगळा. आपल्याकडे काळवीट आणि रोही यांना शेताशिवाय जागाच उरलेली नाही. पण शासनाने ठरवलं तर एक नियम करून जुनी कला शंभर हातांत जिवंत ठेवता येते, एवढं तिथून नक्की घेण्यासारखं आहे. आपल्याकडे ती कला शिकारीशी न बांधता जतनाच्या कामाशी बांधता येईल. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या बंदुका आहेत. त्यांच्या कमानी, त्यांचे चाप, नळीवरचं जव्हर यांची निगा राखायला माणसं लागणारच. शिकलगारांच्या मुलांना हे काम परवान्याखाली, देखरेखीखाली आणि पगारावर शिकवलं तर चोरट्या गावठी कट्ट्यांची भीती वाढेल असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. कसब असलेल्या हाताला उघड काम नसतं तेव्हाच त्याला चोरटं काम शोधत येतं.

आणि परवान्याच्या फायलीत दोन बदल हवेत. 2016 च्या नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. पीक राखणीच्या ठासणीच्या बंदुकीसाठी ते प्रशिक्षण काडतुसाच्या बंदुकीपेक्षा वेगळं असावं, आणि शक्य तिथे ते जुन्या परवानाधारकाच्या हजेरीत व्हावं. 70 पूर्ण होण्याची वाट न पाहता 60 नंतरच वारसाने त्याच्याबरोबर एक खरीप आणि एक रब्बी राखणीला बसावं. पहिल्या हंगामात त्याने बंदुकीला हातही लावू नये. वारा, ओघळी आणि शेजाऱ्यांची पाणी देण्याची पाळी शिकावी. दुसऱ्या हंगामात गज, माप आणि धुणं. जळलेल्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि नळी आतून गंजवते, म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल लावणं हे शिकण्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात आवश्यक काम आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकदा बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. 2024 मध्ये विधानसभेचं आणि नांदेड लोकसभा पोटनिवडणुकीचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं, म्हणजे तूर फुलावर आणि ज्वारी कोवळी असण्याच्या दिवसांत. ठाण्यात पडून आलेल्या बंदुकीचा घोडा परत आणल्यावर किती जड लागतो, नळीत गंज धरला आहे का, कान बुजला आहे का, हे तपासल्याशिवाय तिच्यात दारू घालू नये, आणि ही तपासणी नव्या परवानाधारकाला शिकवू शकतील अशी माणसं मुदखेड तालुक्यात आज आहेत. ती सत्तरीच्या पुढची आहेत, म्हणून हे काम येत्या खरिपापासूनच सुरू व्हायला हवं.